‘सेटिंग काय होतं?’ : काजव्यांच्या फोटोमागचा हिशेब

सह्याद्रीतल्या पुरुषवाडी गावात एका घराच्या पडवीत सकाळी साडेसहाला आम्ही सातजण बसलो होतो. रात्री दीडपर्यंत कोणी पाठ टेकली नव्हती, तरी चहा यायच्या आत कॅमेरे एकमेकांच्या हातात फिरायला लागले. हौशी छायाचित्रकारांमध्ये चांगला फोटो दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सेटिंग काय होतं?’ म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं होतं (एफ), प्रकाशाचा संदेश किती मोठा केला होता (आयएसओ) आणि शटर किती वेळ उघडं होतं. मला हा प्रश्न फार आवडतो. विचारणाऱ्याला खरंच शिकायचं असतं, आणि सांगणाराही हातचं काही राखून ठेवत नाही.

त्या सकाळी दोन फोटो शेजारी शेजारी आले. झाड एकच, एक जुना सादडा. ट्रायपॉड एकमेकांपासून दोन हातांवर. एक फोटो आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षकांचा, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. दुसरा गटातल्या सर्वांत धाकट्या मुलीचा, ती अजून कॉलेजात आहे. तिच्या फोटोत झाडाच्या फांद्यांवर हिरवट पिवळे ठिपके लखलखत होते. सरांच्या फोटोत तेच झाड करड्या आभाळात मिसळून गेलं होतं, आणि काजवे असून नसल्यासारखे.

‘‘सेटिंग काय होतं तुझं?’’

‘‘एफ १.८, आयएसओ १६००, वीस सेकंद. तुमचं, सर?’’

‘‘एफ ५.६, आयएसओ ४००, चार मिनिटं.’’ सर थोडं थांबले. ‘‘अगं, मी तुझ्या बारापट वेळ शटर उघडं ठेवलं. मग माझेच काजवे फिके कसे?’’

जास्त वेळ म्हणजे जास्त उजेड, हे आपण पहिल्या दिवसापासून शिकतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. काजव्यांपाशी आल्यावर मात्र ते लागू पडत नाही. का, ते समजायला आधी काजव्याकडे नीट पाहायला हवं.

काजवा ही माशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या जातकुळीतला कीटक आहे. लॅम्पिरिडी या त्याच्या कुळात जगभरात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. आयुष्याचा मोठा भाग तो अळीच्या रूपात जमिनीलगत काढतो आणि गोगलगायींसारख्या मऊ जिवांवर जगतो. सह्याद्रीत मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत प्रौढ काजवे बाहेर पडतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते गोळा होतात. प्रौढपणाचे हे दिवस थोडेच, आणि त्यातलं मुख्य काम जोडीदार शोधण्याचं. उजेड ही त्यासाठी घातलेली साद.

हा उजेड पोटाच्या शेवटच्या वलयांत तयार होतो. ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ, ल्युसिफरेज हे विकर, पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, बाहेर पडतो. शंभर रेणूंची प्रक्रिया झाली तर ८८ फोटॉन मिळतात असं १९६०पासून मानलं जात होतं. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा हा आकडा ४१च्या आसपास भरला. तरीही रासायनिक क्रियेतून मिळणाऱ्या प्रकाशासाठी ही कार्यक्षमता फार मोठी आहे. बऱ्याच जातींचा हा प्रकाश ५५० ते ५७० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे हिरव्या आणि पिवळ्याच्या सीमेवर.

इथे कॅमेऱ्याची एक जुनी रचना आपल्या बाजूने उभी राहते. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. म्हणून त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६मध्ये पेटंट घेतलेली मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात दर चार पिक्सेलमागे एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे असतात, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या आसपास सर्वांत तल्लख असतो. काजव्याचा बराचसा प्रकाश नेमका याच हिरव्या पिक्सेलांच्या वाट्याला येतो.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळू.

पावसाळ्यात अंगणात शंभर वाट्या मांडून ठेवल्यात असं समजा. बारीक भुरभुर चालू आहे. जितका वेळ वाट्या बाहेर, तितकं पाणी प्रत्येकीत साठत जाणार. हे झालं आभाळाचं. रात्रीचं आभाळ अगदी काळं कधीच नसतं. दूरच्या शहराचा उजेड ढगांवर पडतो, त्यांच्यामागे चांदणं असतं, आणि ही प्रकाशाची भुरभुर सगळ्या पिक्सेलांवर सतत चालू राहते. मग कोणीतरी येतं, एका वाटीत पळीभर पाणी ओततं आणि निघून जातं. हा काजवा. तो अर्धा सेकंद चमकला आणि पुढे उडाला. त्यानंतर तुम्ही वाट्या वीस सेकंद ठेवा की चार मिनिटं, त्या वाटीतलं पळीभर पाणी पळीभरच राहणार. वाढत जाणार ती भुरभुर. चार मिनिटांनी सगळ्याच वाट्या इतक्या भरतात की कोणत्या वाटीत पळी ओतली होती ते ओळखू येत नाही.

म्हणजे काजव्याचा ठिपका त्याच जागच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत किती उठून दिसेल, हे शटरच्या वेळेवर ठरतं, आणि तेही उलट्या दिशेने. बारापट वेळ, तर बारापट कमी उठाव. सरांनी रात्रीच लॅपटॉपवर फोटो उजळवून पाहिला होता, पण काजव्यांबरोबर आभाळही तितकंच उजळत गेलं, कारण दोघांचं प्रमाण शटर मिटलं त्याच क्षणी ठरून गेलं होतं.

पळी मोठी करायची तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, उघडावं लागतं. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या, म्हणून आकडा लहान तितकं छिद्र मोठं. आत येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. एफ ५.६च्या तुलनेत एफ १.८ला ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश. त्या मुलीच्या सेन्सरवर प्रत्येक चमक दहापट फोटॉन घेऊन पोहोचली होती.

आयएसओबद्दल गैरसमज फार आहे, त्यामुळे थोडं थांबून सांगतो. आयएसओ वाढवल्याने एकही जास्तीचा फोटॉन आत येत नाही. आलेल्या फोटॉनांपासून तयार झालेला विद्युत संदेश तेवढा मोठा केला जातो. अंधारात आयएसओ पुरेसा वाढवल्याचा फायदा असतो, कारण कॅमेऱ्याच्या सर्किटची स्वतःची खरखर त्या संदेशापुढे मागे पडते. पण अति वाढवला तर ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या मर्यादेबाहेर जातो आणि काजव्याचा तो सुंदर पोपटी रंग पांढराफटक होतो. माझे पहिल्या वर्षीचे सगळे काजवे पांढरे आहेत. रंग तिथे नोंदलाच गेला नाही, त्यामुळे तो नंतर कशानेही परत आणता आला नाही. म्हणून आमच्याकडे नव्याने येणाऱ्याला मी दोनच गोष्टी आग्रहाने सांगतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती, घ्या, आणि पहिला फोटो काढल्यावर ठिपका मोठा करून त्यात रंग उरला आहे का ते पाहा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४.

‘‘पण वीस सेकंदांत काजवे येणार किती?’’ हा सरांचा पुढचा प्रश्न होता. थोडेच येतात. ज्या फोटोंत झाड काजव्यांनी ओसंडून वाहताना दिसतं, ते बहुधा अनेक फोटोंचे थर असतात. ट्रायपॉड न हलवता वीस सेकंदांच्या ९६ फ्रेम घ्यायच्या, म्हणजे ३२ मिनिटं, आणि संगणकावर त्या ‘लाइटन’ पद्धतीने एकत्र करायच्या. या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलसाठी ९६ फ्रेमपैकी सर्वांत उजळ किंमत निवडली जाते. वाट्यांच्या भाषेत, प्रत्येक जागी ९६ वाट्या मांडून त्यातली सर्वांत भरलेली तेवढी ठेवायची, सगळ्यांची बेरीज करायची नाही. त्यामुळे पळ्या गोळा होत जातात, आणि भुरभुर वीस सेकंदांइतकीच राहते.

यात एक खोच आहे. फोटॉन हे पावसाच्या थेंबांसारखे येतात, मोजून मापून येत नाहीत. सरासरी शंभर थेंब पडणाऱ्या वाट्यांपैकी एकीत ९१ तर दुसरीत १०८ असं व्हायचंच. हा चढउतार साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, आणि अंधाऱ्या फोटोत दिसणारे दाणे बरेचसे याच चढउतारातून येतात. लाइटन पद्धत सर्वांत उजळ तेच उचलते, त्यामुळे ती दाणेही वेचून आणते आणि झाडाच्या सावल्या खरबरीत दिसतात. याच्या उलट, फ्रेमची सरासरी काढली तर चढउतार एकमेकांना खोडतात. १६ फ्रेमच्या सरासरीत दाणे चारपट कमी होतात, पण तिथे काजवेही पुसट होतात. म्हणून झाड आणि डोंगर सरासरीतून घ्यायचे, काजवे लाइटनमधून, आणि दोन्ही एकावर एक ठेवायचे. ही युक्ती त्या सकाळी धाकटीने सरांना वहीत आकृती काढून दाखवली.

मालिका घेताना ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवावं लागतं. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून तेवढाच वेळ एक काळी फ्रेम घेतो, आणि अर्धी रात्र त्यातच जाते. फोकस दिवसाउजेडी लावून ठेवलेला बरा. २४ मिमी लेन्सवर, फुल फ्रेम कॅमेऱ्यात, एफ १.८ला साधारण ११ मीटरवर फोकस केला की साडेपाच मीटरपासून डोंगररांगेपर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. मग लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टी लावायची. त्याहून जवळून गेलेला काजवा हिरव्या बांगडीएवढा गोल होऊन उमटतो. काहींना तो दोष वाटतो. मला ते गोल आवडतात, कारण तो काजवा आपल्या किती जवळून गेला ते त्यातून कळतं.

आपल्या डोळ्याचं गणित याहून वेगळं आहे. तो अंधारात दशांश-दोन दशांश सेकंदाचाच प्रकाश साठवतो, त्यामुळे थरांच्या फोटोतलं झाड कोणीही कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. मात्र त्याला पुरेसा वेळ दिला तर तो फार हळवा होतो. डोळ्यातल्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. १९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी प्रयोगातून दाखवलं की अशा सरावलेल्या डोळ्याला प्रकाश जाणवायला ५ ते १४ फोटॉन शोषले गेले तरी पुरतात. मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ही अर्ध्या तासाची कमाई गेली. मंद लाल बॅटरी वापरायचं कारणही हेच, दंडपेशींना लाल रंग जवळजवळ जाणवत नाही.

एकेका फ्रेमला किती मोल असतं, हे राफाएल सारफाती आणि ओरित पेलेग यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात केलेल्या कामातून दिसतं. ग्रेट स्मोकी पर्वतात एकसाथ चमकणाऱ्या काजव्यांसमोर त्यांनी बाजारात मिळणारे ३६० अंशांचे दोन कॅमेरे ठेवले. दोन डोळ्यांनी अंतर कळतं, तसं त्या दोन चित्रणांवरून प्रत्येक चमकेची हवेतली नेमकी जागा काढली. तंबूत एकटा सोडलेला काजवा ठरावीक तालात चमकत नाही, आणि संख्या वाढत गेली की ताल आपोआप उमटतो, असं त्यांना आढळलं.

दुसऱ्या रात्री सरांनी एफ २.८, आयएसओ १६००, वीस सेकंद असं लावलं आणि शटर आपोआप पडत राहील अशी व्यवस्था केली. त्यांच्या लेन्सचं ॲपर्चर त्याहून उघडत नव्हतं. आमचे वाटाडे भाऊ बांधावर बसून आल्यागेल्याला हळू आवाजात सांगत होते, ‘‘दादा, बॅटरी खाली धरा. ताई, फ्लॅश नको.’’ अकराच्या सुमारास वळणावरून एक गाडी आली आणि तिचे दिवे थेट झाडावर पडले.

सकाळी, गाडीच्या दिव्यांची फ्रेम वगळून थर लावलेला सरांचा फोटो देखणा आला. झाड ठिपक्यांनी गच्च भरलेलं. मग त्यांनी सुट्या फ्रेम एकामागून एक लावल्या. दिव्यांच्या फ्रेममध्ये सादडा पांढरा पडलेला. त्यानंतरच्या फ्रेम जवळजवळ काळ्या. मग एका खालच्या फांदीवर एक ठिपका, पुढच्या फ्रेममध्ये तीन. थरांच्या फोटोत ही रिकामी मिनिटं कुठेच दिसत नव्हती. सरांनी दोन्ही गोष्टी आमच्या हातात दिल्या, पूर्ण झालेला फोटो आणि त्या काळ्या फ्रेम, आणि खाली पेनने लिहिलेली चिठ्ठी : ‘एफ २.८, आयएसओ १६००, २० सेकंद, ९६ फ्रेम. दिवे पडले, ती फ्रेम क्रमांक ४१.’