टोयोटा जीआर ८६ आणि सुबारू बीआरझेड: फरक नेमका कुठे आहे

'टोयोटा घ्या, इंजिन टिकेल' आणि 'सुबारू आहे म्हणजे चारही चाकांना ताकद असणार' ही दोन वाक्यं ऐकून कान किटले. दोन्ही चूक. या दोन्ही स्पोर्ट्स गाड्या जपानच्या गुन्मा प्रांतात सुबारूच्याच कारखान्यात बनतात. दोन्हींत सुबारूचं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेलं) इंजिन आहे, त्यावर टोयोटाची डी-४एस इंधनप्रणाली आहे आणि ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. दुखणीही सामाईक: इंजिन जोडताना लावलेल्या सीलंटचे तुकडे तेलाच्या चाळणीत अडकल्याच्या तक्रारी दोन्हींच्या मालकांकडून येतात. लोगो पाहून इंजिनाचं आयुष्य ठरवू नका.

बलेनो आणि ग्लान्झा पाहिलेल्यांना बिल्ला बदलण्याचा प्रकार नवा नाही. भारतात या दोन्ही गाड्या अधिकृतपणे मिळत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मंडळींचा. बंपर नि जाळी वेगळी, ती डोळ्यांनी दिसतेच. मला बीआरझेडचं तोंड जास्त आवडतं, पण त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा फरक गाडीखाली आहे. दुसऱ्या पिढीत बीआरझेडच्या स्प्रिंगा पुढे ३० आणि मागे ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहेत (आकडा मोठा, तेवढी स्प्रिंग ताठ). जीआर ८६ मध्ये पुढे २८, मागे ३९. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) बीआरझेडमध्ये १४ मिमी, जीआरमध्ये १५.

आता गडबड होते ती इथे. लोक म्हणतात, 'जीआर कडक आहे, म्हणून जास्त पकडते.' उलट आहे. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार, हे स्प्रिंगा ठरवत नाहीत. ते गाडीचं वजन, उंची, रुंदी आणि वेगावर ठरतं. स्प्रिंगा आणि बार ठरवतात ती फक्त पुढच्या-मागच्या जोडीतली वाटणी. जी जोडी ताठ, तिच्या वाट्याला जास्त. आणि टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे आतल्या चाकाने गमावलेली पकड बाहेरचं चाक पुरती भरून काढू शकत नाही. म्हणजे ताठ टोक आधी सुटतं. जीआर मागे ताठ, म्हणून वळणातच अॅक्सिलरेटर दाबला की तिचं बूड लवकर फिरतं. बीआरझेड पुढे ताठ, ती आधी नाक बाहेर ढकलते आणि 'वेग जास्त झाला' असं चालकाला वेळेवर सांगते.

पुढच्या बारचे आकडे मात्र फसवे आहेत. बीआरझेडचा १८.३ मिमी पण पोकळ, जीआरचा १८ मिमी पण भरीव. जाड तो ताठ, असं इथे नाही: आतलं भोक साधारण ९ मिमीहून मोठं असलं की पोकळ बार मागे पडतो.

टेस्ट ड्राइव्हवरून मत बनवणाऱ्यांची आणखी एक चूक. एक गाडी १७ इंची चाकांवर मिशलिन प्रायमसी या साध्या टायरांची, दुसरी १८ इंची चाकांवर जास्त पकडीच्या पायलट स्पोर्ट ४ टायरांची, आणि निकाल काय, तर 'सुबारू निसरडी'. हा टायरचा निकाल झाला. चाकं सारखी घ्या आणि हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे गाडी थंड असतानाच भरा. बीआरझेडची टीएस आवृत्ती साध्या जीआरशी तोलू नका. तिचे शॉक अॅब्सॉर्बर आणि ब्रेक वेगळे आहेत.

पावसाळी रस्त्यावर रोज चालवायची असेल तर डोळे झाकून बीआरझेड. मोकळ्या मैदानात गाडी आडवी फेकायची हौस असेल तर जीआर.

बीआरझेड घेऊन तिला जीआर बनवणारे बहुधा फक्त मागे जाड बार घालतात, तोही १९-२० मिमीचा. मग घट्ट वळणात मागचं आतलं चाक हलकं होतं. टॉरसेन डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या यंत्रणेला) ताकद वाटायला त्या चाकावर थोडी तरी पकड लागते. ती गेली की चाक नुसतं गरगरतं आणि वळणातून बाहेर पडताना गाडी रखडते. करायचंच असेल तर चारही स्प्रिंगा जीआरच्या घाला, मागचा बार १५ मिमीचा ठेवा आणि लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्या.