पार्श्वभूमी : नागपुरात सगळ्या गाड्या बर्डीलाच का जातात?

नागपुरात शहर बसच्या थांब्यावर उभं राहिलं की कंडक्टरची हाक येते, ती 'बर्डी, बर्डी' अशी, म्हणजे सीताबर्डी. मानेवाड्याहून वाडीला जायचं असो की हिंगण्याहून कामठी रोडला, वाट बहुतेक वेळा सीताबर्डीवरूनच काढावी लागते. २०१९ मध्ये मेट्रो आली, तिच्याही दोन्ही मार्गिका बर्डीलाच एकमेकींना छेदतात. हे समजून घ्यायला दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

जुनं नागपूर पूर्वेला. महाल, इतवारी, गांधीबाग ही भोसल्यांच्या काळातली वस्ती आणि बाजारपेठ. पश्चिमेला सीताबर्डीची टेकडी. १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तिच्यावर किल्ला बांधला. तो आजही लष्कराकडे आहे, त्यामुळे रस्त्यांना टेकडी भेदून जाता आलं नाही, तिला वळसा घालूनच जावं लागलं. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि कचेऱ्या, बंगले टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्समध्ये गेले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळकडून नागपुरात पोहोचली. तिचे रूळ नेमके जुन्या आणि नव्या शहराच्या मधून गेले.

या रुळांनी नागपूरचे दोन भाग केले. बाजार आणि मजुरांच्या वस्त्या एका बाजूला, कचेऱ्या आणि कॉलेजं दुसऱ्या बाजूला, आणि मधून ओलांडायला मोजक्याच जागा : लोहापूल, आनंद टॉकीजचा रस्ता, स्टेशनजवळचा पूल, अजनीचा पूल, कामठी रोड. पूर्व-पश्चिम जाणारी जवळजवळ सगळी गर्दी या चिंचोळ्या तोंडांतून जाते, आणि त्यांपैकी मधली तोंडं बर्डीच्या आसपास उघडतात. म्हणून बर्डी मोक्याची जागा झाली. बाजार तिथं वाढला तो नंतर. संत्रा मार्केट आणि स्टेशन यांच्यामधल्या जुन्या पुलाच्या जागी आता रामझुला आहे. पूल नवा आला, तरी ओलांडायची जागा तीच राहिली.

रेल्वे पुढे चारही दिशांनी वाढली. पूर्वेला राजनांदगावपर्यंत आधी मीटरगेज होतं. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ते ब्रॉडगेज केलं. उत्तरेचा इटारसीचा मार्ग १९२० च्या दशकात तयार झाला आणि १९२९ मध्ये दक्षिणेकडचा काझीपेठचा दुवा जोडला गेला. आजच्या स्टेशनची इमारत १९२५ ची. इतक्या लाइनी असूनही मुंबईसारखी उपनगरी लोकल इथं उभी राहिली नाही. रूळ लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आणि मालासाठी राहिले. शहरातली ये-जा सायकल, टांगा, सायकलरिक्षा, पुढे ऑटो आणि बस यांच्यावरच चालली.

बसचा इतिहास मात्र नीट पाहायला हवा, कारण आजच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथं आहे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं आणि इथली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस वेगळी होती. राज्य पुनर्रचनेनंतर ती एसटीत मिसळली आणि शहर बसही एसटीच चालवू लागली. २००७ मध्ये महापालिकेनं ही सेवा खासगी कंपनीकडे चालवायला दिली. लोक आजही 'स्टार बस' म्हणतात ते त्या काळचं नाव. तिकिटाचं उत्पन्न कंपनीच्या हाती असलं की ती कमाईच्या रस्त्यावर गाड्या वाढवतो आणि रिकाम्या रस्त्यावरच्या कमी करतो. कमाईचा रस्ता म्हणजे बर्डीचा. २०१६-१७ मध्ये 'आपली बस' आली तेव्हा पद्धत बदलली : कंपनीला किलोमीटरमागे पैसे आणि तिकिटाचं उत्पन्न महापालिकेला. यात तोट्याच्या रस्त्यावरही गाडी सोडता येते, पण तोटा महापालिका सोसते आणि तिकिटाची गळती थांबवणंही तिच्याच गळ्यात पडतं. मार्गांचं जाळं मात्र जुनंच राहिलं. त्याचा मुख्य अड्डा मोरभवन, नाल्याकाठी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात तिथं पाणी शिरलं आणि उभ्या बस अडकल्या. सगळा भार एका अड्ड्यावर टाकला की असं होतं.

मेट्रोची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली. नारंगी मार्गिकेनं वर्धा रोड आणि कामठी रोड धरला, ॲक्वा मार्गिकेनं हिंगणा रोड आणि मध्य नागपूर. मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगर-सीताबर्डी, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी ऑटोमोटिव्ह चौक व प्रजापती नगरपर्यंतचे उरलेले टप्पे सुरू झाले. जागा काढण्यासाठी छत्रपती चौकातला उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडला गेला आणि वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल उभा राहिला : खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. गड्डीगोदामला तर चार थर आहेत, कारण तिथं रेल्वेही आडवी येते. त्यासाठी ८० मीटर लांबीचा पोलादी सांगाडा रुळांवरून न्यावा लागला. रूळ ओलांडण्याचा जुना प्रश्न मेट्रोनं असा उंचीवर नेऊन सोडवला, आणि माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम हेच आहे.

आता प्रवास कसा करायचा? मार्गिका बदलायची तर सीताबर्डी इंटरचेंजलाच, दुसरी जागा नाही. शहर बस पकडायची असेल तर झाशी राणी चौक स्थानक मोरभवनला जवळ पडतं. गणेशपेठच्या एसटी स्टँडसाठी कॉटन मार्केटला उतरावं. 'एअरपोर्ट' स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर पुढच्या वाहनाची सोय आधीच बघावी. मेट्रोत सायकल नेता येते, आणि घरापासून स्थानक दूर असणाऱ्याला तिचा खरा उपयोग आहे.

नेहमीची फसगत शेवटच्या दोन-तीन किलोमीटरात होते. मेट्रो वेळेवर सोडते, पण स्थानकाबाहेर बस वेळेवर मिळाली नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी दुचाकीच काढतो.

दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मंजूर केला. त्यात आहे त्याच मार्गिकांची टोकं पुढे जातात : बुटीबोरीकडे, कन्हानकडे, हिंगण्याकडे, कापसीकडे. उमरेड रोड आणि काटोल रोड त्यात नाहीत. त्या बाजूच्या वस्त्यांना बर्डीची बसच धरावी लागणार आहे.