रडणे, गाणे आणि मनाई : शोकगीतांची पार्श्वभूमी

शोकगीत हा शब्द आपण सैलपणे वापरतो. मृतदेहाशेजारी बसलेली बाई हेल काढून 'मला एकटीला टाकून कसा गेलास' असे विचारते, ते शोकगीत. मृताला शांती दे म्हणून देवाला गाऊन केलेली विनवणी, तेही शोकगीत. मागे राहिलेल्यांना धीर यावा म्हणून सगळ्यांनी मिळून म्हटलेले पद, तेही शोकगीतच. पहिले मृताशी बोलते, दुसरे देवाशी, तिसरे जिवंतांशी. या गाण्यांवरून जे वाद झाले ते आवाज किती चढवावा याबद्दलचे होते असे वरवर वाटते. मुळाशी प्रश्न वेगळाच होता : गाणाऱ्याने तोंड कोणाकडे करायचे?

शब्दांचा गुंताही याच प्रश्नातून झाला आहे. इंग्रजीतला 'डर्ज' हा शब्द मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतल्या 'दिरिगे' या पहिल्या शब्दाचा झिजून उरलेला तुकडा आहे. त्याचा अर्थ 'सरळ कर', म्हणजे देवा, माझी वाट तुझ्यासमोर सरळ कर. रडगाण्याला पडलेले नाव मुळात अर्जाचे आहे. 'एलेजी'चा घोळ आणखी जुना. ग्रीकांकडे ते एका छंदातल्या रचनेचे नाव होते आणि त्या छंदात लढाईची चिथावणी, मद्याची महती, राजकारण असे काहीही बसत असे. मराठीत आपण तिला विलापिका म्हणतो, पण विलापिका लिहिणारा कवी बहुधा मेजाशी बसलेला असतो आणि अंत्यविधी केव्हाच आटोपलेला असतो. मर्सियाचा उगम अरबीतल्या मृताच्या स्तुतिकाव्यात आहे. आज तो मुख्यतः ६८० साली करबलाला झालेल्या इमाम हुसेन यांच्या हौतात्म्यासाठी दरवर्षी गायला जातो. हे सगळे प्रकार मोठे आहेत, पण इथे बाजूला ठेवतो. देह समोर असताना किंवा तो नेताना जे गायले गेले, तेवढ्यापुरतेच हे टिपण.

सर्वात जुन्या नोंदी थोडक्यात. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या २४व्या सर्गात ट्रॉयच्या राजपुत्राचा देह घरी आणतात तेव्हा रडणारे दोन गट आहेत : बोलावून आणलेले शोकगायक आणि घरच्या बायका. गायकांनी काय गायले ते काव्य सांगत नाही. बायको, आई आणि भावजय काय म्हणाल्या ते मात्र ओळीओळीने देते. बायकोची तक्रार अशी, की मरताना तू अंथरुणातून माझ्याकडे हात पुढे केला नाहीस, रात्रंदिवस आठवत राहावा असा एखादा शब्दही बोलला नाहीस. तिघीही मृतालाच उद्देशून बोलतात. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यू धर्मसंहितेत तर व्याख्याच आहेत. सगळ्या बायका एकदम गातात तो एक प्रकार. एक बोलते आणि बाकीच्या तिच्यामागून साथ देतात तो दुसरा. त्याच संहितेत एका पंडिताचे मत नोंदलेले आहे, की अगदी गरिबातल्या गरीब नवऱ्यानेही बायकोच्या अंत्ययात्रेला किमान दोन बासऱ्या आणि एक रडणारी बाई लावावी. म्हणजे भाड्याने रडवणे ही श्रीमंतांची चैन नव्हती. नवऱ्याच्या कर्तव्यांत तिची गणना होती. चीनमध्ये या गाण्यांचे नावच शवपेटी ओढण्यावरून पडले आहे. तिथली दोन जुनी पदे प्रसिद्ध आहेत : एक उमरावांसाठी, दुसरे अधिकारी आणि सामान्यांसाठी. पहिल्यात पातीवरचे दव आहे. ते सुकते आणि उद्या पुन्हा पडते. गेलेला माणूस परत कधी येणार?

यापुढचा इतिहास मात्र गाण्यांपेक्षा गाण्यांवरच्या बंदीतून जास्त कळतो. रडणाऱ्यांनी लिहून ठेवले नाही, रडणे थांबवणाऱ्यांनी ठेवले. अथेन्समध्ये इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्याने बायकांना अंग ओरबाडायला, रचलेली शोकगीते गायला आणि दुसऱ्याच्या मयतात तिसऱ्यासाठी रडायला मनाई केली. ग्रीसच्या केआ बेटावर सापडलेल्या शिलालेखानुसार देह झाकून आणि मुकाट्याने थडग्यापर्यंत न्यायचा होता. रोमच्या 'बारा पाट्यां'तला, म्हणजे तिथल्या जुन्या लेखी कायद्यातला नियम, साधारण इ. स. पू. ४५०चा, सांगतो की बायकांनी गाल ओरबाडू नयेत आणि अंत्यविधीत 'लेस्सुम' करू नये.

लेस्सुम म्हणजे काय? गंमत अशी, की रोमन लोकांनाच ते पुढे कळेना. काही शतकांनंतरच्या एका वकील-लेखकाने या शब्दावरचे जुने भाष्यकार उद्धृत केले आहेत. दोघांचे म्हणणे, आम्हाला नीट समजत नाही, पण मयतात घालायचे एखादे वस्त्र असावे. तिसऱ्याचे म्हणणे, हा आक्रोश. शब्दाच्या आवाजातच तो ऐकू येतो. लेखक तिसऱ्याच्या बाजूने कौल देतो, कारण अथेन्सच्या कायद्यातही नेमकी हीच मनाई आहे. बंदी इतकी जुनी झाली, की ज्यावर घातली तेच विसरले गेले. दुसरा एक शब्द, 'नेनिया', असाच घसरला. आधी तो अंत्ययात्रेत मृताच्या स्तुतीचे गाणे होता, पुढे त्याचा अर्थ पोरकट बडबड असा झाला. बायकांच्या गाण्याला भाषेने दिलेली ही बढती म्हणायची.

मनाईची कारणे काय? खर्च हे एक. खरे कारण बहुधा सूड. खून झालेल्याच्या देहाशेजारी गाणारी बाई खुनी कोण ते सांगते आणि भावाला विचारते, तू अजून इथे कसा? ग्रीसच्या दक्षिण टोकाला मानी भागात आणि कोर्सिका बेटावर वैराची आग अशा गाण्यांनी अलीकडच्या काळापर्यंत तेवत ठेवली. नगरराज्य आणि न्यायालय उभे राहायचे तर कुळाचा हा आवाज बंद करणे भाग होते. आपल्याकडच्या याज्ञवल्क्यस्मृतीने दिलेले कारण वेगळे आहे : आप्तांनी ढाळलेले अश्रू आणि शेंबूड प्रेताला नाइलाजाने खावे लागतात, म्हणून रडू नये, क्रिया कराव्यात. कारण काहीही असो, आज्ञा सगळीकडे एकच.

ख्रिस्ती धर्मसंस्थेने नुसती बंदी घालून भागणार नाही हे ओळखले आणि पर्यायी गाणे दिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडचा एक नामांकित उपदेशक भाडोत्री रडणाऱ्या बायका आणणाऱ्यांना बहिष्काराची धमकी देत होता आणि त्याऐवजी स्तोत्रे गा म्हणत होता. गाण्याचे तोंड मृताकडून देवाकडे वळले ते इथे. जर्मनीतल्या विटेनबर्गला १५४२ साली निघालेल्या प्रॉटेस्टंट अंत्यगीतांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेने पुढचे वळण घेतले : शोकाची गाणी नकोत, क्षमा, विश्रांती, पुनरुत्थान यांची धीर देणारी गाणी हवीत. आता तोंड जिवंतांकडे.

तरीही जुना हेल मेला नाही. आयर्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत धर्मसभा पुन्हा पुन्हा मयतातल्या 'कीनिंग'वर, म्हणजे बायकांच्या हेल काढून रडण्यावर, बंदी घालत राहिल्या. एकच हुकूम दर पिढीत काढावा लागतो, याचा अर्थ तो कोणी पाळत नव्हते. तिथली सर्वात प्रसिद्ध रचना १७७३ साली कॉर्क परगण्यात गोळी घालून मारलेल्या एका तरुण कॅथलिक अधिकाऱ्यासाठी त्याच्या विधवेने गायली, असे परंपरा सांगते. कॅथलिकाने पाच पौंडांहून महाग घोडा बाळगू नये असा तेव्हा कायदा होता आणि भांडण घोड्यावरूनच पेटले होते. या गाण्यातला मला सर्वात खरा वाटणारा भाग म्हणजे नणंद-भावजयींची चकमक. बहीण पद्यातच टोमणा मारते, की त्या रात्री तू झोपायला गेलीस. विधवा पद्यातच उत्तर देते, झोपेने नाही अडवले, पोरांना थोपटायला हवे होते. कोणत्याही प्रार्थनापुस्तकात अशी ओळ आली नसती.

आता ज्या निर्णयावरून आजही भांडण होते तो. कॅथलिक अंत्यविधीत शतकानुशतके गायले जाणारे दीर्घ लॅटिन पद म्हणजे 'दिएस इरे', 'तो कोपाचा दिवस'. तेराव्या शतकातले, तीन-तीन ओळींच्या यमकी कडव्यांचे. सोळाव्या शतकात अशा शेकडो पदांची छाटणी झाली आणि १५७०च्या प्रार्थनापुस्तकात अवघी चार उरली; त्यांत हे होते. मग १९६३ साली रोमच्या धर्मपरिषदेने ठरवले, की अंत्यविधीतून ख्रिस्ती मृत्यूचे पुनरुत्थानाशी असलेले नाते अधिक स्पष्ट दिसावे आणि तो ठिकठिकाणच्या परंपरांशी जुळावा. ठरावात या पदाचा उल्लेखही नाही. १९६९चा नवा अंत्यविधी आणि १९७०चे नवे प्रार्थनापुस्तक आले तेव्हा मात्र ते गायब होते. सुधारणेच्या सूत्रधाराने नंतर लिहिले, की न्याय, भीती आणि निराशा यांवर नको तेवढा भर देणाऱ्या मध्ययुगीन रचना काढल्या.

विरोधक म्हणतात, मृत्यूचे गांभीर्यच काढून घेतले. समर्थक म्हणतात, आधीच कोसळलेल्या माणसाला नरकाची भीती कशाला दाखवायची? दोघांनी मजकूर पुन्हा वाचावा. या पदात मृत माणूस जवळपास नाहीच. गाणारा स्वतःसाठी घाबरलेला आहे : मी अभागी तेव्हा काय बोलू, कोणाला माझी वकिली करायला सांगू? प्रथमपुरुषी भीतीची ही कडव्यांमागून कडवी संपल्यावर अगदी शेवटी 'त्यांना विश्रांती दे' एवढी एक विनंती येते. म्हणून ते अंत्यविधीसाठी रचलेलेच नसावे, मागाहून तिथे नेले असावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. हे खरे असेल, तर १९७०ला शोकगीत काढलेच गेले नाही. शोकगीताच्या जागेवर बसलेला पाहुणा उठवला गेला. संगीतकारांनाही ते खुपत होते. पॅरिसमध्ये १८८८ साली एका चर्चमधल्या खऱ्याखुऱ्या अंत्यविधीत पहिल्यांदा वाजलेल्या एका रिक्वीएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेला दिलेल्या संगीतात, या पदाची फक्त शेवटची ओळ घेतली आहे, बाकी सगळे गाळले आहे. धर्मपरिषदेच्या तब्बल ७५ वर्षे आधी.

माझी तक्रार काढण्याबद्दल नाही, जागा रिकामी ठेवण्याबद्दल आहे. ठिकठिकाणच्या परंपरांना वाव द्या असे ठरावात होते. पण ज्या परंपरा बंदीने आधीच मोडल्या होत्या, त्यांना वाव कोण देणार? पूर्वी हाकललेल्या रडणाऱ्या बायकांना परत बोलवावे असे कुणाला सुचल्याचे दिसत नाही. पद स्वतः मात्र आरामात आहे. धार्मिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात रोजच्या प्रार्थनेत ऐच्छिक गीत म्हणून त्याचे तीन तुकडे आहेत. १९७०च्या आधीच्या जुन्या लॅटिन विधीला २००७ साली मोकळीक मिळाली आणि २०२१ साली ती पुन्हा आवळली गेली; तिथे ते अजून गातात. सुरुवातीच्या चार सुरांचे तर विचारूच नका. १८३०च्या एका फ्रेंच सिंफनीने ते चेटकिणींच्या मेळाव्यात नेले आणि तेव्हापासून मरण जवळ आले हे सांगायला चित्रपटांचे पार्श्वसंगीत तेच चार सूर वापरते. चर्चमध्ये ज्यांनी ते कधी ऐकले नाहीत, त्यांनाही ते ओळखू येतात.

विसाव्या शतकात जुने हेल संपायला आले तेव्हा ध्वनिमुद्रण यंत्र पोहोचले. आयर्लंडमध्ये १९५०च्या दशकात काही म्हाताऱ्या बायकांकडून कीनिंग नोंदवले गेले, पण समोर देह नसताना. रडण्याचा नमुना म्हणून रडणे. त्या फिती ऐकताना मला नेहमी अवघडायला होते. जॉर्जियातल्या स्वानेती या डोंगराळ भागात पुरुषांचा समूह गातो ते शोकगान अजून आहे. त्यात 'वोय', 'वाय' असे उद्गारच आहेत, अर्थाचा शब्द नाही. कायदेकारांना बंदीसाठी शब्दच सापडला नसता. फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलियातल्या विलापिनी मृताचे नाव आणि नाते सरळ घेत नाहीत, आडवळणाच्या रूपकांनीच बोलतात. ती भाषा फिनलंडमध्ये आता वर्ग भरवून शिकवली जाते, आणि शिकणारे बरेचसे घटस्फोट किंवा आजारपण यांवर रडायला येतात.

दरम्यान अंत्यविधीत ध्वनिमुद्रित गाणे आले. दाहगृहात ठरलेली वेळ मिनिटांत मोजलेली असते. त्यात दोन-तीन आवडती गाणी वाजवली जातात, आणि ती बरेचदा गेलेल्यानेच आधी निवडून ठेवलेली असतात. यामुळे एक दिशा पहिल्यांदाच उघडली आहे : इथे मृत माणूस जिवंतांशी बोलतो. चर्चला हे फारसे रुचलेले नाही. मेलबर्नमध्ये २०१०च्या धर्मप्रांतीय सूचनांनी पॉप, प्रेमगीते, राजकीय गाणी आणि फुटबॉल क्लबांची गाणी अंत्यविधीत वर्ज्य ठरवली. लहान मुलांच्या अंत्यविधीत बालगीतेही नकोत, असे त्यात आहे. कारण दिले आहे, त्याने दुःख आणखी वाढू शकते.