दीर्घिकांची टक्कर आणि तारकानिर्मिती

दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात तेव्हा त्यांतले तारे सहसा आदळत नाहीत. ताऱ्यांच्या आकाराच्या मानाने त्यांच्यातली अंतरे इतकी प्रचंड असतात की ते एकमेकांना चुकवून पार निघून जातात. वायूला मात्र ही सवलत नाही. वायूचे मेघ एकमेकांवर धडकतात, दाबले जातात. शिवाय भरतीबलामुळे (म्हणजे एका दीर्घिकेच्या गुरुत्वाची दुसरीच्या जवळच्या आणि दूरच्या भागांवर पडणारी असमान ओढ) कोनीय संवेग, म्हणजे केंद्राभोवती फिरत राहण्याचा जोर, गमावलेला वायू केंद्राकडे ओघळतो. घनता वाढली की मेघ स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळतात आणि तारे जन्मू लागतात. हा वेग नेहमीच्या कित्येक पट झाला, की त्याला तारकास्फोट म्हणतात.

हस्त नक्षत्राच्या भागातील अँटेना दीर्घिका (एनजीसी ४०३८ व ४०३९) हे याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण. विल्यम हर्शेल यांनी १७८५ मध्ये नोंदवलेली ही जोडी सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या दोन लांब, वाकड्या शेपट्या भरतीबलानेच ओढल्या गेल्या, हे आलार आणि जुरी टूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवले. पुढे हबल दुर्बिणीला इथे हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ सापडले. त्यांतले बहुसंख्य पहिल्या १ कोटी वर्षांतच विखुरतात. जेमतेम दहावा हिस्सा टिकतो.

हबलची छायाचित्रे देखणी आहेत, पण त्यांवर विसंबणे धोक्याचे. दोन्ही दीर्घिका जिथे एकमेकींवर पसरल्या आहेत तो पट्टा दृश्य प्रकाशात काळवंडलेला दिसतो. अवरक्त किरणांत मात्र जोडीतले सर्वांत तेजस्वी ठिकाण तिथेच आहे, दोहोंपैकी एकाही केंद्रात नाही. नवजात तारे धुळीच्या आड असतात. धूळ त्यांचा प्रकाश शोषून तापते आणि अवरक्तात झळकते. अवरक्त किरण टिपणाऱ्या १९८३ च्या आयरास उपग्रहाला अशा अनेक धूळभरल्या दीर्घिका दिसल्या. आर्प २२० ही त्यांतली ठळक. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या विलीनीकरणाचे तेज सूर्याच्या सुमारे एक लाख कोटी पट आहे, आणि तिथे दरवर्षी शंभराहून अधिक सूर्य घडतील एवढा वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो. आपल्या आकाशगंगेत हे प्रमाण एक-दोन सूर्यांइतकेच आहे.

असे टोकाचे नमुने गाजतात, म्हणून प्रत्येक टक्कर तशीच असते असे नाही. जवळच्या विश्वातील जोड्यांत तारकानिर्मिती सरासरी दुपटीच्या आसपासच वाढते, आणि वायू जवळजवळ संपलेल्या दोन लंबवर्तुळाकार दीर्घिका एकत्र आल्या तर नवे तारे फारसे जन्मतच नाहीत.