मातीकामाच्या रेसिडेन्सीचा अर्ज: गाडी नेमकी कुठे अडते?

नेदरलँड्समधल्या ऑइस्टरवाइकच्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरला रेसिडेन्सीसाठी, म्हणजे काही काळ तिथेच राहून काम करण्यासाठी, अर्ज करायचाय? ऑनलाइन फॉर्म, कामाचे फोटो, बायोडेटा हे सगळे भरतात. अर्ज पडतो तो दुसऱ्याच कारणांनी.

पहिलं म्हणजे पात्रता. तिथे मातीकामाचा अनुभव हवाच अशी अट नाही. शिल्पकार, डिझायनर, वास्तुरचनाकार तिथे कुंभारकाम करणाऱ्यांच्या बरोबरीने राहतात, साचे-भट्टी-ग्लेझसाठी तंत्रज्ञ मदतीला असतात, आणि एकाच्या फसलेल्या भाजणीवरून दुसऱ्याला वाट सापडते. म्हणून ‘वीस वर्षं चाकावर आहे’ एवढ्याने भागत नाही, आणि ‘मला नवं तंत्र शिकायचं आहे’ असं लिहिलंत तर तो प्रशिक्षणवर्गाचा अर्ज होतो. कोणत्या प्रश्नावर काम करणार, त्यासाठी तिथेच का जायचं, आणि तुमच्याकडून तिथल्यांना काय मिळेल, हे लिहा. आव्यात धूर कोंडून भांडं काळं करता येत असेल तर ते नक्की लिहा. आपली माणसं नेमकं हेच ‘त्यात काय विशेष’ म्हणून गाळतात!

शिफारसपत्र हा दुसरा अडसर. घरातच शिकलेल्याचा गुरू म्हणजे वडील नाहीतर सासरे, आणि नातेवाइकाचं पत्र सहसा धरत नाहीत. कला महाविद्यालयातले शिक्षक, गॅलरी, ज्याच्या इमारतीसाठी काम केलं तो वास्तुरचनाकार, यांच्याकडे महिनाभर आधी मागा. हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कार्ड (कारागिराचं सरकारी ओळखपत्र) व्हिसाच्या कागदांत जरूर जोडा; परदेशी निवड समितीला मात्र त्याचं काही पडलेलं नसतं.

मुदत तिथल्या घड्याळाने मोजतात. नेदरलँड्स आपल्या मागे आहे, त्यामुळे निभावतं. पण जपानमधल्या शिगाराकीसारख्या ठिकाणी मध्यरात्रीची मुदत असेल, तर आपल्याकडे ती रात्री साडेआठलाच संपते.

निवड झाली म्हणजे खर्च मिळाला असं नाही. ऑइस्टरवाइकला शुल्क भरावं लागतं. चार्ल्स वॉलेस ट्रस्टचं अनुदान ब्रिटनपुरतं आहे, त्यावर विसंबू नका.

आता शेंगेन व्हिसा, म्हणजे नेदरलँड्स, फ्रान्स अशा युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरतात. ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस नव्हेत: १ जुलै ते ३० सप्टेंबर हे ९२ होतात. शेवटी पॅरिस बघून येऊ म्हणणाऱ्यांनी तर आधी बोटं मोजावीत. मुक्काम ९० च्या वर जात असेल तर लांब मुदतीचा वेगळा व्हिसा लागतो. तो विषय संस्थेशी लेखी बोलून आधीच मिटवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी व्हायलाच हवा. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये, भेटीची वेळच मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळवून घ्या. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते परदेशी संस्था सर्रास गाळते. बायकांचं पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा.

बँकेचं स्टेटमेंट शेवटचं. रोखीने विकणाऱ्याच्या खात्यात फारसं काही दिसत नाही, मग कोणीतरी सल्ला देतं आणि अर्जाच्या आठवड्यात मामाकडून दोन लाख येऊन पडतात. असं करू नका. खर्च कोणी उचलणार असेल तर तसं त्याचं पत्र आणि त्याचे कागद उघडपणे जोडा.