गेलेले दिवस भरून कसे काढतात?

कोकण रेल्वेचं बांधकाम १९९० साली सुरू झालं, तेव्हा पाच वर्षांत गाडी धावेल असा हिशेब होता. नव्वदहून जास्त बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल असं ते काम. रोह्यापासून मंगळूरच्या बाजूपर्यंत सलग मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधी दोन्ही टोकांकडून टप्प्याटप्प्याने गाड्या सुरू झाल्या होत्या. रोहा ते वीर हा टप्पा तर १९९३ मध्येच चालू झाला. शेवटी सगळं अडलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यापाशी. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तो कातळातून पार झाला. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण तिथली माती मऊ आणि पाण्याने भिजलेली. खणलं की ढासळायची, पुन्हा सावरून पुन्हा खणायचं. सहा वर्षं त्यात गेली.

त्या शेवटच्या काळात चिपळूणला किंवा कणकवलीला दुप्पट माणसं लावून काम उरकलं असतं, तर सलग गाडी एक दिवसही आधी धावली नसती. रखडलेल्या कोणत्याही बांधकामाकडे याच नजरेने बघावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेकदा होत नाही. काम मागे पडलं की साइटवर सगळीकडे एकदम धावपळ सुरू होते. सगळ्यांना ओव्हरटाइम, सगळीकडे जादा माणसं. पैसा जातो, तारीख मात्र तिथेच राहते.

ही गोष्ट गणिताने मांडली ती १९५६-५७ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीत. तिथले अभियंते मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे गणितज्ञ जेम्स केली यांनी प्रकल्पातली सगळी कामं सुटी केली, कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते जोडून जाळं तयार केलं आणि त्या जाळ्यातली सर्वांत लांब साखळी शोधली. प्रकल्प तिच्याआधी संपू शकत नाही. तिलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. लुइव्हिलच्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवायचा काळ या पद्धतीने १२५ तासांवरून ९३ तासांवर आला.

आकड्यांत बघू. समजा एका इमारतीचा सांगाडा व्हायला अजून ६० दिवस आहेत, मग वीटकाम आणि गिलावा ५० दिवस, त्यानंतर फरशी आणि रंग ३० दिवस. ही साखळी १४० दिवसांची. दुसरीकडे लिफ्टची ऑर्डर दिली आहे. ती कारखान्यातून यायला ८० दिवस, बसवायला ३०, चाचणी आणि परवान्याला १०. ही साखळी १२० दिवसांची. म्हणजे लिफ्टच्या हाताशी २० दिवसांची सवड आहे. साइटवर तिला फ्लोट म्हणतात. लिफ्ट १५ दिवस उशिरा आली तर ताबा लांबत नाही. २५ दिवस उशिरा आली तर ५ दिवसांनी लांबतो.

आता उलट बाजू. बिल्डरने जोर लावून पहिल्या साखळीतले २५ दिवस कमी केले, तरी इमारत ११५ दिवसांत पूर्ण होणार नाही. लिफ्ट १२० दिवस मागतेच आहे. वीस दिवस वाचले आणि पाच दिवसांचा खर्च वाया गेला. मोठ्या प्रकल्पांत हेच सतत घडतं. एक साखळी आखडली की दुसरी पुढे येऊन बसते. म्हणून वेळ भरून काढायचा आराखडा एकदा करून भिंतीला लावून भागत नाही. दर आठवड्याला जाळं नव्याने मोजावं लागतं.

कोणतं काम आखडायचं, हे त्याच्या खर्चाच्या चढावरून ठरतं. वीस दिवसांचं काम सोळा दिवसांत करायला दोन लाख जास्त लागत असतील, तर एका दिवसाची किंमत पन्नास हजार. शेजारचं दुसरं काम एक दिवसाने आखडायला तीस हजार लागत असतील तर आधी ते घ्यायचं, अर्थात ते लांब साखळीत असेल तरच. आणि हे सगळं करायचं की नाही, हे वाचलेल्या दिवसाचं मोल किती त्यावर अवलंबून. लॉस एंजलिसमध्ये १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपात सांता मोनिका महामार्गाचे पूल कोसळले, तेव्हा सरकारने हे मोल उघड लिहून दिलं: मुदत १४० दिवस, लवकर दिलेल्या प्रत्येक दिवसामागे दोन लाख डॉलर. ठेकेदाराने रात्रंदिवस काम चालवून रस्ता ६६ दिवसांत खुला केला. एका दिवसाला किती खर्च परवडेल हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक निर्णय त्या आकड्याशी ताडून घेता आला.

पण पैसा असला तरी सगळीच कामं आखडत नाहीत. बोगद्याला दोनच तोंडं असतात. प्रत्येक तोंडाशी एका वेळी किती माणसं आणि किती यंत्रं उभी राहू शकतात, हे बोगद्याची रुंदी ठरवते. मधे उभी विहीर खणून आणखी तोंडं उघडता येतात, पण त्या विहिरीलाही वेळ आणि चांगली जमीन लागते. इमारतीतही तसंच. एका मजल्यावर गवंडी, प्लंबर आणि वायरमन एकदम उतरवले की कोणी कोणाच्या परातीत पाय देतो, केलेलं काम फोडावं लागतं. ओव्हरटाइमचंही तेच. पहिले काही आठवडे काम जास्त होतं, पुढे थकवा साचतो, चुका वाढतात, आणि जादा तासांचे पैसे देऊन हातात येणारं काम जवळपास पूर्वीइतकंच राहतं. उन्हात दहा-बारा तास राबणाऱ्या माणसाच्या अंगाला मर्यादा आहे, हे वेळापत्रक आखणाऱ्याने विसरता कामा नये.

दुसरा मार्ग एकामागून एक होणारी कामं एकमेकांवर चढवण्याचा. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचं पोलादी काम एप्रिल १९३० मध्ये सुरू झालं आणि १ मे १९३१ रोजी इमारतीचं उद्घाटन झालं, कारण वर पोलाद चढत असतानाच खालच्या मजल्यांवर पुढची कामं चालू होती. कोकण रेल्वेच्या पानवल नदीवरच्या उंच पुलाला काठावर गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाचा, तुकडा ओतायचा आणि जॅकने खांबांवरून पुढे ढकलायचा ही पद्धत वापरली. चौसष्ट मीटर उंचीवर सेंट्रिंग उभारण्याची पायरीच त्यामुळे गळली. मला हा मार्ग सर्वांत देखणा वाटतो: कामाची गती तीच ठेवून साखळीचा आकार बदलायचा.

आणि मग येतं काँक्रीट. त्याच्याशी घासाघीस चालत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ताकद येते, ती हळूहळू. आपण ज्या ताकदीने काँक्रीट ओळखतो ती २८ दिवसांची. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश येते. म्हणून आयएस ४५६ या भारतीय मानकात स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे ते दिलं आहे: गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीम सहा मीटरपेक्षा लांब असेल तर २१. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे, आणि हवेचं तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. वेळ कमी पडली की सर्वांत आधी डोळा जातो तो याच दिवसांवर, कारण टेकू काढले की वरचा मजला उभारता येतो.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा थंडाव्याचा मनोरा बांधत होते. रोज सुमारे दीड मीटरचा एक थर चढायचा, आणि कामगारांचा मचाण त्या मनोऱ्याच्याच नव्या काँक्रीटला बांधलेला असायचा. २७ एप्रिल १९७८ रोजी आदल्या दिवशी ओतलेला थर सुटला, मचाण गोल फिरत उलगडल्यासारखा कोसळला आणि ५१ माणसं गेली. राष्ट्रीय मानक संस्थेने तपास केला. काँक्रीटला भार पेलण्याइतकी ताकदच आली नव्हती. रात्र थंड होती, आणि थर चढवायच्या ठरलेल्या चालीने त्या थंडीचा हिशेब धरला नव्हता.

हा हिशेब अवघड नाही. काँक्रीटची परिपक्वता ढोबळपणे अशी मोजतात: तापमानात १० मिळवायचे आणि तासांनी गुणायचं. ३० अंशांवर एक दिवस म्हणजे ४० गुणिले २४, बरोबर ९६०. १५ अंशांवर हीच बेरीज गाठायला ३८ तासांहून जास्त लागतात. काँक्रीटमध्ये तापमापकाची तार पुरून ठेवली आणि त्याच मिश्रणाच्या ठोकळ्यांवर प्रयोगशाळेत ताकद मोजून घेतली, की प्रत्यक्ष स्लॅबला आज किती ताकद आली ते सांगता येतं. मे महिन्यातल्या नागपुरात त्यातून दिवस प्रामाणिकपणे वाचू शकतात. डिसेंबरातल्या नाशिकमध्ये तीच मोजणी सांगेल की अजून थांबा. पोलाद असलेल्या काँक्रीटमध्ये कॅल्शियम क्लोराइड घालून घाई करणं मात्र महागात पडतं. काँक्रीट लवकर घट्ट होतं आणि आतली सळई गंजायला लागते.

आपल्याकडे वेळापत्रकाला आणखी एक धनी आहे, पाऊस. नदीच्या पात्रातला पाया मृगाच्या आधी पाण्यावर आला नाही, तर पंधरा दिवसांचा उशीर पंधरा दिवसांचा राहत नाही. पाणी ओसरायची वाट बघत चार महिने जातात. त्यामुळे कोकणात फेब्रुवारीतला वाचवलेला एक दिवस आणि नोव्हेंबरातला एक दिवस यांची किंमत सारखी नसते. पायाचं काम लांब साखळीत असेल तर जादा खर्च आधी तिथेच करायला हवा.

घराच्या ताब्याची तारीख पुढे ढकलल्याचं पत्र आलं, आणि त्यात नवी तारीख असेल, तर बिल्डरला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. सध्या सर्वांत लांब साखळी कोणती आणि तिच्यात कोणती कामं आहेत. त्यातली कोणती आखडणार, माणसं वाढवून की कामं एकमेकांवर चढवून. आणि स्लॅबचा वेग वाढवणार असतील तर टेकू कोणत्या चाचणीवरून काढणार, त्या ठोकळ्यांचे निकाल कधी दाखवणार.