घरच्या कॉम्प्युटरला वेगळा अँटिव्हायरस लागतो का?

विंडोज १० किंवा ११ असलेल्या कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. तो फुकट आहे, त्याची मुदत संपत नाही आणि बहुतेक घरांना तो पुरतो. म्हणून दुकानात पैसे मोजण्याआधी आहे तो नीट चालू आहे का, हे पाहा. कित्येक घरांत तो बंद किंवा निकामी असतो आणि कुणाला पत्ताही नसतो.

याचं एक कारण म्हणजे नव्या लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. हे योग्यच आहे, कारण दोघंही उघडली जाणारी प्रत्येक फाइल वाटेत अडवून तपासतात. दोघं एकदम जागे असले तर मशीन रखडतं, कधी पार गोठतं. खरी अडचण ट्रायल संपल्यावर येते. तो प्रोग्राम मुदतबाह्य होऊन किंवा अर्धवट निघून तिथेच अडकला, तर डिफेंडरला परत ताबा घ्यायला अडथळा येऊ शकतो. विंडोज सिक्युरिटी उघडून सेटिंग्जमधल्या 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये जा. पहाऱ्यावर कोण आहे, ते तिथे दिसतं. जुनं नाव जात नसेल तर त्या कंपनीचं खास रिमूव्हल टूल चालवून मशीन रीस्टार्ट करा.

दुसरं कारण जास्त घातक आहे. पायरेटेड विंडोज किंवा ऑफिस 'अ‍ॅक्टिव्हेट' करणारी टूल्स डिफेंडर पकडतो, म्हणून ती टाकणारा माणूस त्यांची फोल्डरं 'एक्सक्लूजन्स'मध्ये, म्हणजे 'हे तपासू नकोस' अशा यादीत घालतो. काही जण तर अख्खा सी ड्राइव्ह घालून मोकळे होतात. मग हिरवी खूण दिसत राहते, पण डिफेंडर त्या ड्राइव्हकडे बघतच नाही. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा आणि तळाशी 'एक्सक्लूजन्स' पाहा. घरगुती मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. त्याच पानावर रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर ही तिन्ही प्रोटेक्शन्स चालू हवीत. टॅम्पर चालू असलं की दुसरा प्रोग्राम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही.

पहारा खरंच चालू आहे का, हे तपासायला आयकार नावाची चाचणी-फाइल मिळते. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ असते, पण सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजायचं ठरवून बसलेले आहेत. आयकारच्या साइटवरून ती उतरवली आणि काहीच इशारा आला नाही, तर पहारा बंद आहे असं समजा.

रॅन्समवेअर सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतं. त्यासाठी डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' आहे, पण तो मुळात बंद असतो. चालू केल्यावर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांत लिहिता येत नाही. आपल्याकडे मात्र लग्नाचे फोटो आणि कागदपत्रांची स्कॅन बहुधा डी ड्राइव्हवर असतात, आणि ती फोल्डरं हाताने जोडावी लागतात. यामुळे एखादं जुनं अकाउंटिंग किंवा फोटोचं सॉफ्टवेअर अचानक 'सेव्ह करता येत नाही' म्हणेल. तेव्हा सगळं संरक्षण बंद करू नका, तेवढ्या एका प्रोग्रामला परवानगी द्या. डिफेंडर बाजूला असेल तर ही सोय चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मग पैसे कधी मोजावेत? डिफेंडर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर, बराच अवलंबून असतो, त्यामुळे इंटरनेट नसताना त्याची नजर कमी पडते. मशीन बहुतेक वेळ ऑफलाइन असेल आणि रोज अनोळखी पेन ड्राइव्ह लागत असतील, तर विकतचा घ्यायला खरं कारण आहे. मुलांच्या वापरावर लक्ष, फोनवर मदत, चार मशीनचं एकच लायसन्स ही कारणंही चालतील. पुण्याची क्विक हील, मुंबईची ई-स्कॅन, चेन्नईची के-७ असे देशी पर्यायही आहेत. निवडताना जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे निकाल पाहा. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ गुण देते. एकाच महिन्याच्या निकालावर जाऊ नका, वर्षभराचे पाहा, आणि चांगल्या फाइलींना चुकून व्हायरस ठरवण्याचं प्रमाण जरूर बघा. खोटे इशारे सारखे आले की माणूस खऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा.

फुकटच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल आम्ही सावध आहोत. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीवर १.६५ कोटी डॉलर भरण्याची कारवाई केली. ज्याला प्रत्येक फाइल दिसते, त्याच्यावर तेवढा विश्वास हवा.

कुठलाही अँटिव्हायरस विंडोजची भोकं बुजवत नाही. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ला जगभर पसरला, पण त्याने वापरलेलं भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. शक्य असेल तर ११वर जा, नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी करा.

संसर्गाची शंका आली तर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधी साधारण १५ मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये दडणारा व्हायरसही सापडू शकतो. बँकेतून पैसे गेले असतील तर स्कॅनची वाट न बघता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं.